उबुंटूवर दोन-तीन मॉनिटर जोडताना : केबलपासून सेटिंगपर्यंत

मी घरून मुद्रितशोधन करते. लेखकाचं हस्तलिखित किंवा जुन्या पुस्तकाचं स्कॅन एका बाजूला आणि टाइप झालेला मजकूर दुसऱ्या बाजूला, असं दिवसभर चालतं. लॅपटॉपच्या एकाच स्क्रीनवर हे करताना सारखं इकडून तिकडे जावं लागायचं आणि परत येईपर्यंत ओळ सुटायची. सुटलेली ओळ छापून आली की लाज आपल्याला वाटते, म्हणून मी दोन मॉनिटर घ्यायचं ठरवलं. लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स जातीची प्रणाली, होतंच.

सगळं नीट बसायला मला चार संध्याकाळी लागल्या. त्यांतल्या तीन केबल, पोर्ट आणि विजेच्या बोर्डापायी गेल्या. उबुंटूच्या सेटिंगला शेवटी अर्धा तास पुरला. तुमच्या त्या तीन संध्याकाळी वाचाव्यात म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सगळं सांगणं उबुंटू २४.०४ बद्दल आहे. एप्रिल २०२४ मध्ये आलेली ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, म्हणजे तिला वर्षानुवर्षं अपडेट मिळतात, आणि तिचा डेस्कटॉप, म्हणजे समोर दिसणारी विंडो-मेनूंची मांडणी, ग्नोम नावाची आहे. लिनक्स मिंट वापरत असाल तर मेनूंची नावं थोडी वेगळी दिसतील, पण केबलचा भाग जसाच्या तसा लागू पडेल.

एक नियम सुरुवातीलाच मनाशी धरा. एका वेळी एकच गोष्ट बदला. नवी केबल, नवा मॉनिटर आणि नवा ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र चालवणारा प्रोग्रॅम) एकाच संध्याकाळी लावलेत आणि स्क्रीन काळी राहिली, तर दोष कशात आहे हे शोधता येत नाही.

जवळ काय काय हवं

- कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, आणि त्याच्या मॉडेलचा नेमका नंबर. लॅपटॉपच्या पोटाशी स्टिकरवर असतो.
- मॉनिटर आणि त्यांच्या मागच्या पोर्टांचे फोटो. मोबाइलवर काढून ठेवा, दुकानात दाखवायला लागतात.
- एक तरी चालू असल्याची खात्री असलेली केबल. शेजाऱ्यांच्या टीव्हीची उसनी चालेल.
- अर्थिंग असलेला तीन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड.
- मोजपट्टी, कागदाच्या चिठ्ठ्या आणि चिकटपट्टी.
- उबुंटू अजून टाकलेलं नसेल तर त्याचा पेनड्राइव्ह.

१. आधी पोर्ट ओळखा

मॉनिटर विकत घेण्याच्या आधीची ही पायरी आहे. कॉम्प्युटरच्या मागे जाऊन बघा, चित्र बाहेर पाठवणारी पोर्ट कोणती आणि किती.

निळं, पंधरा छिद्रांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं ते व्हीजीए. ते १९८७ पासून आहे आणि अजून सरकारी कचेऱ्यांत, शाळांत, जुन्या प्रोजेक्टरवर भेटतं. टीव्हीला असतं ते एचडीएमआय. त्याच्यासारखंच, पण एकच कोपरा कापलेलं ते डिस्प्लेपोर्ट. मोबाइल चार्जरसारखं लांबट गोल ते यूएसबी-सी.

यूएसबी-सी बघून हुरळू नका. आकार तोच असला तरी प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर जात नाही. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टच्या विजेचं चिन्ह असेल तर काम होईल. चिन्ह नसेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकात बघून घ्या. आणि मोबाइलबरोबर आलेली चार्जिंगची केबल तिथे चालत नाही. तिच्यात चित्र वाहून नेणाऱ्या तारा बहुतेक वेळा नसतातच.

डेस्कटॉपवाल्यांची नेहमीची चूक वेगळी असते. कॅबिनेटच्या मागे एचडीएमआय दोन ठिकाणी दिसतं. एक वर, यूएसबी पोर्टांच्या रांगेत, म्हणजे मदरबोर्डचं. दुसरं खाली, आडव्या पट्टीवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचं, चित्र तयार करणाऱ्या वेगळ्या कार्डाचं. कार्ड असेल तर सगळे मॉनिटर कार्डालाच लावा. कार्ड बसवल्यावर अनेक मदरबोर्ड स्वतःचं पोर्ट बंद करतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ अक्षर असतं, त्यांच्यात ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे तिथे वरच्या पोर्टाला कितीही केबल लावली तरी काही दिसणार नाही.

किती मॉनिटर चालतील? इंटेलच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स २०१२ च्या तिसऱ्या पिढीपासून एका वेळी तीन स्क्रीन चालवू शकतं. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन त्या तिनांत धरायची. बाहेरचे दोन चालवण्याची ताकद असते, पण लॅपटॉपला पोर्ट पुष्कळदा एकच असतं, आणि घोडं तिथे अडतं.

२. केबलची दिशा बघा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. मी ऑफिसांतून निघालेले, वापरलेले चोवीस इंची मॉनिटर घेतले. ते अजूनही उत्तम चालतात आणि तुम्हालाही मी तेच घ्या म्हणेन. पण अशा मॉनिटरांच्या मागे पुष्कळदा व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्ट असतं, एचडीएमआय नसतं. माझ्या लॅपटॉपला होतं एचडीएमआय. दुकानदाराने एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट असलेली केबल दिली. दोन्ही टोकं अगदी चपखल बसली, पण चित्र आलं नाही. रात्री साडेअकरापर्यंत मी उबुंटूत दोष शोधत बसले होते.

कारण असं की ही केबल एकेरी रस्त्यासारखी असते. कॉम्प्युटरचं डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरचं एचडीएमआय, अशी चालते. बहुतेक कॉम्प्युटरची डिस्प्लेपोर्ट एचडीएमआयचा संदेश स्वतःच पाठवू शकतात, म्हणून ती स्वस्तात होते. उलट दिशेला, म्हणजे कॉम्प्युटरच्या एचडीएमआयवरून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टात जायचं असेल, तर संदेश बदलणारं छोटं यंत्र मध्ये लागतं. त्याला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर म्हणतात. ते थोडं महाग असतं आणि त्याला वीज द्यायला बहुधा यूएसबीची एक शेपटी असते. दुकानात नुसतं ‘एचडीएमआय टू डिस्प्लेपोर्ट’ म्हणू नका. ‘लॅपटॉपला एचडीएमआय आहे, मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट आहे, चित्र लॅपटॉपकडून मॉनिटरकडे न्यायचंय’ असं पूर्ण वाक्य सांगा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत असं सांगितलंत की समोरचा बरोबर वस्तू काढून देतो.

व्हीजीएचा कन्व्हर्टर शक्यतो टाळा. अगदी दुसरा मार्गच नसेल तर घ्या. व्हीजीएवर अक्षरांच्या कडा मऊ पडतात आणि आपल्या देवनागरीत त्याचा त्रास जास्त जाणवतो. शिवाय मॉनिटर कॉम्प्युटरला स्वतःची ओळख सांगत असतो, मी इतक्या रुंदीचा, इतक्या उंचीचा. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये ही ओळख वाटेतच हरवते. मग उबुंटू बिचारं अंदाजाने १०२४ × ७६८ ठेवतं आणि आपण म्हणतो लिनक्सला मॉनिटर ओळखता येत नाही.

फोर-के, म्हणजे फार बारीक ठिपक्यांचा, मॉनिटर घेणार असाल तर अजून एक बघा. जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं. माऊसचा बाण ओढल्यासारखा जड वाटतो. २०१३ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.० पासून ६० मिळतात. केबल कितीही भारी घेतली तरी पोर्ट जुनं असेल तर आकडा वाढत नाही.

आणि यूएसबीच्या डॉकबद्दल, म्हणजे एका पोर्टाची अनेक पोर्ट करून देणाऱ्या डबीबद्दल. बाजारात दोन जातींचे डॉक मिळतात. एक जात यूएसबी-सीमधून येणारं चित्र नुसतं पुढे वाटून देते. ती उबुंटूवर काही न टाकता चालते. दुसरी जात डिस्प्लेलिंक नावाच्या चिपवर चालते, साध्या यूएसबीवरूनही चित्र देते, आणि तिला वेगळा ड्रायव्हर लागतो. तो उबुंटूबरोबर येत नाही, आपण आणून टाकावा लागतो, आणि उबुंटूचा गाभा म्हणजे कर्नल अपडेट झाला की कधी कधी तो चालेनासा होतो. लॅपटॉपला दुसरा कुठलाच मार्ग नसेल तर डिस्प्लेलिंक घ्या, पण नवख्यांनी सुरुवात त्याने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खोक्यावर हे नाव आहे का ते पैसे देण्याआधी वाचा.

३. वीज आणि टेबल

कॉम्प्युटर आणि सगळे मॉनिटर एकाच बोर्डावर लावा, तेही अर्थिंग असलेल्या. लॅपटॉप एका खोलीतल्या सॉकेटवर आणि मॉनिटर दुसऱ्या, अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर असेल तर धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि केबल लावताना हाच फरक पोर्टातून वाहतो. पोर्ट त्याने कायमचं जाऊ शकतं. झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा, मॉनिटर नंतर.

वीज जाते त्या भागात यूपीएसवर कॉम्प्युटर आणि निदान एक मॉनिटर ठेवा. मी मॉनिटर साध्या सॉकेटवर ठेवला होता. वीज गेली तेव्हा काम सुरूच होतं, पण सेव्ह करायची विंडो नेमकी बंद पडलेल्या मॉनिटरवर.

टेबलाचं मोजमापही घ्या. चोवीस इंची मॉनिटरची स्क्रीन साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असते. दोन आडवे ठेवले तर कडा धरून एक मीटरच्या वर जागा जाते.

४. पेनड्राइव्हवरून चाचणी

उबुंटू अजून टाकलं नसेल तर पेनड्राइव्हवरून चालू करून नुसतं वापरून बघण्याचा पर्याय निवडा. हार्ड डिस्कला हात न लावता मॉनिटर दिसतात का ते कळतं. एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर इथे सगळं दिसेलच असं नाही, त्याचं पुढे सांगते.

५. एकेक करून जोडा

सगळ्या केबल एकदम लावू नका. पहिला मॉनिटर लावा, त्याचं बटण दाबा, आणि त्याच्या स्वतःच्या मेनूत बरोबर इनपुट निवडलंय का बघा. जुने मॉनिटर कधी कधी व्हीजीएवरच अडून बसलेले असतात आणि संदेश नाही असं सांगतात. उबुंटूत चालू कॉम्प्युटरला केबल लावली तरी दोन-तीन सेकंदांत चित्र यायला हवं, रीस्टार्टची गरज नसते.

आलं? मग दहा मिनिटं त्यावर काम करा. टाइप करा, व्हिडिओ लावा, केबल जराशी हलवून बघा. चित्र झपकन जाऊन येत असेल तर केबल सैल आहे किंवा खराब आहे. पहिला ठीक चालला की मगच दुसरा.

नाही आलं, तर क्रम असा ठेवा: दुसरी केबल, मग दुसरं पोर्ट, मग तोच मॉनिटर दुसऱ्या कॉम्प्युटरला. या तिन्ही गोष्टी होईपर्यंत उबुंटूच्या सेटिंगमध्ये शिरू नका.

६. मॉनिटर आपल्या जागी बसवा

आता सेटिंग्ज उघडून डिस्प्लेज या भागात जा. तुमच्या प्रत्येक स्क्रीनच्या कोपऱ्यात १, २, ३ असे आकडे उमटतील आणि सेटिंगमध्ये त्याच आकड्यांचे चौकोन दिसतील.

तिथे जॉइन आणि मिरर असे पर्याय आहेत. मिरर म्हणजे सगळ्यांवर एकच चित्र. वर्गात प्रोजेक्टर लावताना ते कामाचं. आपल्याला हवं जॉइन, म्हणजे सगळ्या स्क्रीन मिळून एक मोठं मैदान.

मग चौकोन माऊसने ओढा आणि टेबलावर मॉनिटर जसे आहेत तसेच मांडा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते पण सगळ्यात जास्त लोक इथेच वैतागतात. टेबलावर मॉनिटर डावीकडे आणि सेटिंगमध्ये उजवीकडे असेल तर बाण डाव्या काठावर जाऊन आपटतो आणि माणूस म्हणतो दुसरी स्क्रीन चालत नाही. उंचीसुद्धा जुळवा. लॅपटॉप टेबलावर आणि मॉनिटर स्टँडवर असेल तर लॅपटॉपचा चौकोन खाली ओढा. दोन चौकोनांची कड जिथे एकमेकांना भिडते, तेवढ्याच भागातून बाण पलीकडे जातो. बाकीच्या उंचीवर तो अडतो, आणि तो बिघाड नाही.

प्रायमरी डिस्प्ले कोणता ते तिथेच निवडा. वरची पट्टी, घड्याळ हे त्यावर येतं. जिथे तुम्ही सरळ मान ठेवून बसता तो मॉनिटर प्रायमरी असावा. प्रोग्रॅमच्या चिन्हांची पट्टी (हिलाही डॉकच म्हणतात) सगळ्या स्क्रीनवर हवी की एकाच, हे सेटिंग्जमधल्या उबुंटू डेस्कटॉप या भागात ठरवता येतं. मी एकावरच ठेवते.

अप्लाय दाबल्यावर बदल ठेवायचे का असं विचारलं जातं आणि वीस सेकंद उलटे मोजले जातात. काही बिघडून स्क्रीन काळी झाली तर घाबरू नका, कशालाही हात न लावता वीस सेकंद थांबा. जुनी मांडणी आपोआप परत येते.

७. अक्षराचा आकार आणि आपली जोडाक्षरं

लॅपटॉपची साडेपंधरा इंची फुल एचडी स्क्रीन घ्या. तिच्या एका इंचात साधारण १४१ ठिपके मावतात. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात जेमतेम ९२. त्यामुळे तीच विंडो लॅपटॉपवर छोटी आणि मॉनिटरवर मोठी दिसते. सत्तावीस इंची फोर-केवर हा आकडा १६३ पर्यंत जातो, आणि तिथे शंभर टक्के स्केलवर, म्हणजे काहीच मोठं न करता, मराठी वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षाच.

डिस्प्लेजमध्ये प्रत्येक मॉनिटर निवडून त्याचं स्केल वेगळं ठरवता येतं. मुळात १०० आणि २०० असे टप्पे दिसतात. फ्रॅक्शनल स्केलिंग चालू केलं की १२५, १५०, १७५ मिळतात. त्याने वीज थोडी जास्त लागेल आणि चित्र जरा मऊ पडू शकेल, अशी सूचना तिथेच लिहिलेली असते. ती खरी आहे.

हे मऊ पडणं इंग्रजीत फारसं जाणवत नाही. मराठीत जाणवतं, कारण आपल्याकडे एका अक्षराच्या डोक्यावर पुष्कळ काही बसतं. म्हणून मी एक चाचणी करते. लिबरऑफिसमध्ये बारा पॉइंटात ‘मूर्तींची’ हा शब्द टाइप करते. रफार, दुसरी वेलांटी आणि अनुस्वार, तिन्ही एकाच त वर. हा शब्द ब्राउझरमध्ये आणि ईमेलमध्येही ठेवून प्रत्येक मॉनिटरवर ओढून बघते. अनुस्वाराचा ठिपका रफारात मिसळत असेल तर ते स्केल माझ्या कामाचं नाही. तुम्ही पुस्तकांचं, कवितांचं, कायद्याच्या कागदांचं काम करत असाल तर ही चाचणी कराच.

एखाद्याच प्रोग्रॅममध्ये अक्षर धूसर दिसतं आणि बाकीच्यांत स्वच्छ, असं झालं तर त्यामागे एक इतिहास आहे. लिनक्सवर स्क्रीनवर चित्र काढण्याचं काम एक्स नावाची यंत्रणा करत आली, तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. तिच्या लेखी सगळे मॉनिटर मिळून एकच मोठा कागद असतो, त्यामुळे प्रत्येकाला वेगळं स्केल देणं तिला जड जातं. २००८ मध्ये वेलँड या नव्या यंत्रणेचं काम सुरू झालं आणि तिने प्रत्येक मॉनिटर वेगळा मानला. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सवर उबुंटू २४.०४ मुळात वेलँडवरच चालतं. पण जे प्रोग्रॅम अजून जुन्या पद्धतीचे आहेत, त्यांचं चित्र वेलँड नुसतं ताणून मोठं करतं आणि अक्षर धूसर होतं.

यावर मला पटलेला उपाय असा. बाहेरच्या दोन्ही मॉनिटरांचा आकार आणि ठिपके सारखे ठेवा, दोन्हींना १०० टक्के द्या, आणि अक्षर मोठं हवं असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीतलं मोठ्या अक्षराचं बटण चालू करा. अक्षर स्वच्छ राहतं. लॅपटॉपची स्क्रीन तेवढी वेगळी राहील, तिथे कमी महत्त्वाच्या विंडो ठेवा. दोन वेगळ्या जातींचे मॉनिटर स्वस्तात मिळाले तरी मोह आवरा, एकाच मॉडेलची जोडी घ्या. पांढरा रंगही दोन्हीकडे सारखा दिसतो.

८. एक मॉनिटर उभा करा

आडव्या चोवीस इंची मॉनिटरची उंची ३० सेंटिमीटरला किंचित कमी असते. ए-४ कागदाची उंची २९.७ सेंटिमीटर. म्हणजे मेनू आणि पट्ट्या वजा जाता पूर्ण पान खऱ्या आकारात मावत नाही. तोच मॉनिटर उभा केला की रुंदी ३० आणि उंची ५३ होते, आणि ए-४ पान जवळजवळ १४० टक्के मोठं करून, वरच्या शीर्षकापासून खालच्या पृष्ठक्रमांकापर्यंत एका नजरेत येतं. माझी ओळ सुटणं खरं बंद झालं ते यामुळे.

मॉनिटरचा स्टँड फिरणारा नसेल तर मागे चार स्क्रूंची छिद्रं आहेत का बघा, बहुतेक वेळा १०० × १०० मिलिमीटरवर. त्यावर वेगळा हात बसतो. मग डिस्प्लेजमध्ये तो मॉनिटर निवडून ओरिएंटेशनमध्ये पोर्ट्रेट करा. पोर्ट्रेट दोन आहेत, चित्र उलटं आलं तर दुसरं निवडा.

आयपीएस पॅनेलचाच, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणाऱ्या जातीचा, मॉनिटर उभा करा. स्वस्त टीएन पॅनेल बाजूने बघितलं की रंग बदलतं, आणि उभं केल्यावर डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगळं दिसून डोकं दुखतं. उभ्या स्क्रीनवर अक्षरांना तांबूस-निळसर कडा दिसत असतील तर ट्वीक्स हा प्रोग्रॅम टाका, त्यात फॉन्ट्सखाली अँटीएलियासिंग स्टँडर्ड करा.

लॉगिनचं पान मात्र उभ्या मॉनिटरवर आडवं पडलेलं दिसेल. तुमची मांडणी तुमच्या खात्यापुरती साठवलेली असते आणि लॉगिनपर्यंत ती वाचलीच जात नाही. पासवर्ड टाकला की सरळ होतं.

९. एनव्हिडिया असेल तर

ज्यांच्याकडे एनव्हिडियाचं ग्राफिक्स नाही त्यांनी ही पायरी सोडून द्या.

अनेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स दोन असतात, एक इंटेलचं किंवा एएमडीचं आणि एक एनव्हिडियाचं. लॅपटॉपची स्क्रीन पहिल्यावर चालते, पण एचडीएमआयचं पोर्ट पुष्कळदा दुसऱ्याला जोडलेलं असतं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर नीट नसेल तर लॅपटॉप उत्तम चालतो आणि बाहेरचा मॉनिटर मात्र मेलेला राहतो. ॲडिशनल ड्रायव्हर्स हा प्रोग्रॅम उघडा, टेस्टेड असं लिहिलेला ड्रायव्हर निवडा, बदल लागू करा.

इथला सापळा सिक्युअर बूटचा आहे, म्हणजे सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणाऱ्या कॉम्प्युटरच्या सोयीचा. तो चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं. तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते आणि फक्त दहा सेकंद थांबते. तेवढ्यात कोणतंही बटण दाबायचं, एनरोल मॉक (ड्रायव्हरची सही मान्य करण्याचा पर्याय) निवडायचं, पुढे होकार द्यायचा आणि तो पासवर्ड टाकायचा. बहुतेक जण त्या वेळी चहा आणायला गेलेले असतात. स्क्रीन निघून जाते, ड्रायव्हर असूनही चालू होत नाही, आणि कुठे चुकलं ते कळत नाही. रीस्टार्ट करताना कॉम्प्युटरसमोर बसून राहा.

एनव्हिडियावर वेलँडमध्ये चित्र थरथरत असेल तर लॉगिनच्या वेळी नाव निवडल्यावर खाली उजवीकडे दातेरी चाकाचं चिन्ह येतं, त्यात उबुंटू ऑन एक्सऑर्ग, म्हणजे ती जुनी एक्स यंत्रणा, निवडून बघा. २५.१० पासून हा पर्याय काढून टाकला आहे, २४.०४ मध्ये आहे.

१०. रोजचा वापर

सुपर म्हणजे कीबोर्डवरचं विंडोजचं चिन्ह असलेलं बटण. सुपर, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकदम दाबला की समोरची विंडो शेजारच्या मॉनिटरवर उडी मारते. एवढी एक युक्ती अंगवळणी पडली तरी अर्धं काम झालं. सुपर आणि बाण, शिफ्टशिवाय, म्हणजे विंडो अर्ध्या स्क्रीनवर बसते. सुपर आणि पी म्हणजे जॉइन, मिरर वगैरे पर्याय पटकन बदलणं. शिक्षकांना प्रोजेक्टरसमोर हे रोज लागतं.

सेटिंग्जमध्ये मल्टिटास्किंग या भागात वर्कस्पेस (विंडोंचे वेगवेगळे गट ठेवायची आभासी टेबलं) फक्त मुख्य मॉनिटरवर की सगळ्यांवर असा पर्याय आहे. मुळात तो मुख्यवरच असतो. म्हणजे वर्कस्पेस बदललं तरी शेजारच्या मॉनिटरवरचं स्कॅन जागेवरून हलत नाही. मला ते फार सोयीचं वाटतं, तसंच ठेवा.

बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना लॅपटॉपचं झाकण लावलं तर उबुंटू झोपत नाही, काम बाहेरच्या मॉनिटरवर चालू राहतं. उन्हाळ्यात झाकण लावलेला लॅपटॉप तापतो, खाली हवा खेळेल असं काहीतरी ठेवा.

आवाज अचानक गेला तर स्पीकर बिघडलेला नसतो. एचडीएमआयवरून आवाजही जातो आणि उबुंटूने तो मॉनिटरकडे पाठवलेला असतो. सेटिंग्ज, साउंड, आउटपुट, तिथे लॅपटॉपचे स्पीकर परत निवडा.

घरातला टीव्ही मॉनिटर म्हणून वापरायचा विचार असेल तर बत्तीस इंची एचडी रेडी टीव्हीत ठिपके बहुधा १३६६ × ७६८ च असतात, जवळून वाचायला त्रास होतो. आणि चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर उपाय टीव्हीच्या मेनूत आहे, जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट अशा नावाखाली.

११. मांडणी विस्कटली तर

केबल बदलताना कधी कधी जुनी आणि नवी मांडणी एकमेकांत गुंतते. लॉगिन केल्यावर एक मॉनिटर बंद होतो किंवा सगळं उलटंपालटं दिसतं. उबुंटू तुमच्या प्रत्येक मांडणीची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं, ती काढून टाकली की पाटी कोरी होते.

एकच मॉनिटर जोडलेला ठेवा. फाइल्स उघडा, होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, लपलेली फोल्डर दिसू लागतील. ज्याच्या नावाआधी टिंब आहे त्या कॉन्फिग फोल्डरमध्ये जा. तिथे मॉनिटर्स नावाची एक्सएमएल फाइल आहे, तिचं नाव बदला किंवा ती दुसरीकडे हलवा. लॉगआउट करून परत आत या आणि सहाव्या पायरीपासून पुन्हा मांडणी करा. तुमच्या कामाच्या फाइलींना यात काही होत नाही.

सगळं मनासारखं बसलं की त्याच दिवशी डिस्प्लेजच्या पानाचा फोटो काढून ठेवा, आणि केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या चिकटवा: ‘उभा मॉनिटर’, ‘मधला मॉनिटर’. घरात साफसफाई होते, टेबल हलतं, कोणीतरी केबल काढतं आणि दुसऱ्या पोर्टात लावून ठेवतं. उबुंटू मांडणी पोर्टाच्या नावासकट लक्षात ठेवतं, त्यामुळे केबल त्याच पोर्टात परत गेली तर तुम्हाला सेटिंगला हातही लावावा लागत नाही.